पाहुण्याचा पहारा

सप्ताहाच्या पहिल्याच सकाळी वीणेला हार करायचा म्हणून लंकाबाई झेंडूच्या वाफ्यात उतरल्या, आणि तिसऱ्या सरीत, झाडाच्या बुडाशी, काहीतरी ऊबदार त्यांच्या हाताला लागलं.

"अगं बाई!" म्हणत त्या दोन पावलं मागं सरल्या. वितीएवढं जनावर होतं. अर्धं पांढरं, अर्धं तांबूस, कान चुरगळल्यासारखे, आणि शेपूट नावालाही नाही. ते पळालं नाही. थरथरत बसून राहिलं. नाक तेवढं हलत होतं.

"घूस असंल, काकू. हाणा तिला!" शेजारच्या मळ्यातून कुणीतरी ओरडलं.

"घूस माझी वाट बघत बसंल व्हय रे?" लंकाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर पसरला, जनावर त्यात घेतलं आणि फुलं तशीच टाकून घर गाठलं.

सून प्रतिभा शाळेत शिक्षिका. तिनं एका नजरेत ओळखलं. "आत्याबाई, हा गिनी पिग आहे. लोक हौसेनं पाळतात. पलीकडच्या नव्या बिल्डिंगींतून कुणीतरी आणून सोडला असणार." तिनं फोटो काढून बिल्डिंगवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. कुणी हात जोडले, कुणी लाल बदाम पाठवला. न्यायला मात्र कुणी आलं नाही.

"मग पाहुणा हाय आपला," लंकाबाईंनी निकाल दिला. द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटमध्ये वर्तमानपत्र आणि जुनं लुगडं अंथरून त्याची सोय झाली. कोथिंबिरीची जुडी सुटल्याचा नुसता आवाज आला तरी पाहुणा अशी शीळ घालायचा की स्वयंपाकघरात हसू पिकायचं. "बघ, कशी चाल लावतो," लंकाबाई म्हणायच्या. चालीचं त्यांना कळायचं. कीर्तन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तासभर आधी जाऊन पखवाजवाल्याच्या मागची जागा धरायच्या, आणि महाराजांनी सूर लावला की डोळे पुसायला पदर हाताशी ठेवायच्या.

चौथ्या दिवशी एकादशी आली. आदल्या संध्याकाळी महाराजांनी फार रंगून सांगितलं होतं की दारी आलेल्या जीवाला उरलंसुरलं देऊ नका, आपल्या पानातलं द्या. ते लंकाबाईंच्या काळजात रुतून बसलं. आपण उपासाची साबुदाण्याची खिचडी खायची आणि पाहुण्यापुढं नुसता पाला टाकायचा? त्यांनी आपल्या बशीतली चार बोटं खिचडी आणि वर चिमूटभर भगर वाटीत काढून क्रेटमध्ये ठेवली. पाहुण्यानं हुंगलं, आणि सगळी वाटी चाटूनपुसून साफ केली.

"यानं बी एकादशी केली गं!" असं म्हणत त्यांनी रिकामी वाटी उचलली.

द्वादशीच्या सकाळी पाहुणा कोपऱ्यात अंग फुगवून बसला होता. कोथिंबिरीची जुडी त्याच्या नाकासमोर हलवली, तरी शीळ नाही. खालचं वर्तमानपत्र कोरडं; एक लेंडी पडलेली नाही. लंकाबाईंनी हाक मारली तेव्हा प्रतिभा अर्धी वेणी तशीच सोडून धावत आली. दोघी स्कूटरवर बसल्या, क्रेट लंकाबाईंच्या मांडीवर, आणि शहरात जनावरांच्या डॉक्टर योगिनीताईंकडे पोचल्या.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. "काल काय खाल्लं यानं?"

लंकाबाईंनी सांगितलं. जसंच्या तसं, वाटीच्या मापासकट.

डॉक्टर हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लंकाबाईंना वाटलं. "आजी, हे गवतावर जगणारं जनावर. याचं पोट सारखं चालू राहावं लागतं. साबुदाण्यानं ते थांबलंय. आता ते पुन्हा चालू करायचं." त्यांनी एक इंजेक्शन दिलं, मग हिरवी पावडर आणि बिनसुईची सिरिंज हातात ठेवली. कोमट पाण्यात कालवायचं, गालाच्या बाजूनं थेंब थेंब सोडायचं, मग पोटावरून हलका हात फिरवायचा. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, पुरते दोन दिवस. "लेंडी पडली की समजायचं, सुटलं. पण एकही वेळ चुकवू नका."

परत येताना प्रतिभा म्हणाली, "आपल्या गायीला कधी साबुदाणा घातलाय का, आत्याबाई?" आणि लगेच जीभ चावली. लंकाबाईंचा क्रेटवरचा हात तेवढा घट्ट झाला.

प्रतिभाच्या शाळेत परीक्षा. मुलगा संतोष टेम्पो घेऊन पिंपळगावला गेलेला, दोन दिवस येणार नव्हता. दुपारी लंकाबाईंनी एकटीनं पाजून बघितलं. एका हातानं धरावं तर दुसऱ्या हातातली सिरिंज हलायची. अर्धं औषध लुगड्यावर सांडलं. ते हिरवं ओलं बघून त्यांना रडूच फुटलं. चुकून, अडाणीपणानं, प्रेमानं. कसंही म्हटलं तरी घास आपल्याच हातचा होता.

दोन वाजता त्यांचा वीणेचा पहारा. सप्ताह बसला की आठही प्रहर वीणा गळ्यात धरून कुणीतरी उभं असतं. ती खाली टेकवायची नाही, नाम थांबवायचं नाही, आणि नामाशिवाय तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाही. दोन तास झाले की पुढचा येतो, एकमेकांच्या पाया पडून वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. लंकाबाईंनी तीस वर्षांत आपला पहारा चुकवला नव्हता. त्या क्रेट काखोटीला मारून देवळात गेल्या आणि पहाऱ्याची यादी सांभाळणाऱ्या गोटीरामभाऊंसमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, माझं नाव काढा यादीतनं. आज आन् उद्या."

"का? तब्येत बरी नाय?"

लंकाबाईंनी क्रेटवरचं फडकं बाजूला केलं. गोटीरामभाऊ वाकले आणि ताठ झाले. "वहिनी, उंदरासाठी इना सोडता?"

"उंदीर नाय तो. आन् सोडायची असती तर घरीच बसले असते, विचारायला कशाला आले असते?"

"यादी लागली का नाव निघत नाय. ऐन वेळी माणूस कुठनं आणू? त्याच्या नशिबात आसंल ते होईल."

तेव्हा चिमणाबाईंचा पहारा चालू होता. त्या लंकाबाईंच्या बरोबरीच्या, जिभेच्या तिखट. पण आता गळ्यात वीणा, म्हणून बोलायची सोय नाही. त्यांनी "रामकृष्णहरी" असं म्हटलं की गोटीरामभाऊ चपापून मागं वळले. इतक्या दरडावून कुणी देवाचं नाव घेतलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. चिमणाबाईंनी डोळ्यांनी क्रेट दाखवली, मग ओवरीचा कोपरा दाखवला, आणि वर आणखी एक ठणठणीत "रामकृष्णहरी!"

"काय म्हणतीय ही?"

"क्रेट हितंच ठेव म्हणतीय," लंकाबाई म्हणाल्या. त्या क्षणी त्यांच्याही डोक्यात उजेड पडला. "भाऊ, दर दोन तासाला हितं एक माणूस मोकळा होतो का नाय?"

"होतो. मग?"

"दर दोन तासालाच पाजायचं हाय त्याला."

गोटीरामभाऊंनी भिंतीवरच्या यादीकडं पाहिलं. नावाखाली नाव, दिवसरात्र, एकही रकाना रिकामा नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "लोक हसतील आपल्याला."

"हसू द्या. माझ्या हातनं झालंय हे, भाऊ. मला एकटीनं निभत नाय."

दोन वाजले. लंकाबाईंनी वीणा घेतली, आणि चिमणाबाई मोकळ्या होताच त्यांची जीभही मोकळी झाली. "घड्याळ काय बघत बसला गोटीराम, कोमट पाणी आण! आन् हात धू आधी, तंबाखूचे हाईत." भाऊंनी जनावर धरलं, अगदी दोन बोटांत, तोंड फिरवून. चिमणाबाईंनी थेंब थेंब सोडलं. लंकाबाई समोर उभ्या राहून नाम घेत होत्या, आणि त्यांच्या नामाचा ठेका त्या थेंबांबरोबर आपोआप संथ झाला.

संध्याकाळी कीर्तनाला त्या पुढं गेल्या नाहीत. तीस वर्षांची जागा सोडून शेवटच्या खांबाला टेकून बसल्या, मांडीवर पाहुणा. महाराज रंगात आले, टाळ उसळले, आणि नेमक्या त्या वेळी, ज्या कडव्यासाठी त्या वर्षभर वाट बघायच्या, पाजायची वेळ झाली. चारच्या पहाऱ्यातनं सुटलेला हर्षल, बँकेत नोकरीला असलेला, शर्टाच्या बाह्या सारून शेजारी येऊन बसला. "धरा काकू, मी सोडतो." लंकाबाईंनी मान खाली घातली. कडवं कानावरून गेलं. त्यांच्या बोटांखाली ते एवढंसं पोट ढोलकीसारखं ताणलेलं होतं, आणि त्यांना दुसरं काही ऐकू आलं नाही.

रात्रीचे पहारे पुरुषांचे, म्हणून पाहुणाही ओवरीत त्यांच्याच हवाली. प्रतिभानं सासूला जवळजवळ ओढतच घरी नेलं. त्या पडल्या, पण दर दोन तासांनी उठून बसायच्या आणि अंधारात हात जोडायच्या. काय मागावं ते सुचायचं नाही, म्हणून नुसतेच जोडायच्या.

काकडा झाल्यावर, उजाडता उजाडता, त्या देवळात पोचल्या. ओवरीत चार-पाच जण डोकी जुळवून उभे होते. लंकाबाईंचे पाय पायरीवरच थबकले.

"या, या वहिनी," गोटीरामभाऊंनी हाक मारली. त्यांच्या तळहातावर कागदाची घडी होती, अंगारा आणावा तशी जपून धरलेली. त्यांनी ती उघडली. आत चार बारीक काळ्या लेंड्या.

"माझ्या पहाऱ्यानंतर पडल्या," भाऊ म्हणाले.

"तुझ्या कशाच्या? औषध माझ्या हातचं होतं, सहा वाजताचं," रात्रीच्या पहाऱ्यातले काळूमामा भांडायला उठले. "तू नुसता बघत व्हता."

"चार वाजता पोट कुणी चोळलं मग? जाग नव्हती तुम्हाला!"

लंकाबाई कुणाचंच ऐकत नव्हत्या. त्या वळल्या, देवळामागच्या बांधावर गुडघे टेकले आणि दवानं भिजलेली हरळी दोन्ही हातांनी उपटून आणली, पदराला पुसली, आणि एक काडी क्रेटमध्ये धरली. पाहुणा बराच वेळ नुसता बसला. मग त्यानं मान पुढं केली. काडीचं टोक हललं, आत सरकलं. आणि ओवरीत सगळे गप्प झाले, कारण ते चावणं इतकं बारीक होतं की गप्प राहिल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

लंकाबाईंचे डोळे वाहत होते. त्यांनी दुसरी काडी धरली, मग तिसरी.

"झालं मग," हर्षल म्हणाला. "आता सिरिंज नको."

"कोण म्हणलं?" गोटीरामभाऊंनी टोपी सारखी केली. "डॉक्टरबाईनं पुरते दोन दिवस सांगितलेत. उद्या दुपारपर्यंत यादी चालू राहील. आठ वाजता कोणाचा नंबर हाय? पाणी कोमट करा."