लॅमिनेट केलेले चाळीस गुण

"बाई, एखाद्या गणिताला उत्तरच नाही, असं कधी होतं का हो?"

प्रश्न भोंग्याने विचारला आणि मागच्या दोन बाकांवर दाबून ठेवलेलं हसू फुर्रकन बाहेर पडलं. मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत पैजच लावली होती, "हिंमत असेल तर चेहरा सरळ ठेवून विचारून दाखव!" आणि हिंमत हल्ली भोंग्याकडे पोत्याने होती. मागच्या वर्षापर्यंत जिचा आवाज स्वतःच्या बाकाबाहेर जात नव्हता, तिला आता अख्खा वर्ग भोंगा म्हणत होता. त्यात चाचणीत चाळीसपैकी चाळीस! आंतरशालेय गणित स्पर्धेसाठी वर्गातून एकच नाव जायचं होतं, तेही तिचंच गेलं होतं.

प्रश्नाचा नेम मात्र खिडकीजवळच्या मुलीवर होता. ती लिहायची कमी आणि खोडायची जास्त, म्हणून खोडरबर. चाचणीतल्या शेवटच्या समीकरणाखाली तिने चक्क लिहिलं होतं, 'याला उत्तर नाही.' बाकी सगळं बरोबर, तरी तीन गुण गेले ते गेलेच, वर दोन दिवस चिडवणं. "काय गं, वाजले किती? उत्तर नाही! डबा काय आणलास? उत्तर नाही!" आताही ती मान खाली घालून पेन्सिलीचं टोक बघत होती.

गणिताच्या बाई हसल्या नाहीत. "कुठलं गणित म्हणतेस?"

"चाचणीतलं शेवटचं."

बाईंनी फळ्यावर लिहिलं, x/(x − ३) + २ = ३/(x − ३). "ये, तूच सोडव."

भोंगा ऐटीत गेली. दोन्ही बाजूंना (x − ३) ने गुणलं, छेद उडाले. x + २(x − ३) = ३. कंस सोडवला, ३x − ६ = ३. मग ३x = ९ आणि x = ३. तिने हात झटकले. "आलं की उत्तर!"

"आता ताळा कर. ते ३ अगदी पहिल्या ओळीत ठेवून बघ."

भोंग्याने ठेवलं. ३ वजा ३. छेदात शून्य. उजवीकडच्या छेदातही शून्य! खडू हवेतच थांबला. तिने वळून पाहिलं, तर बाईंचाही चेहरा बदललेला.

"शून्याने भागता येतं?" बाईंनी हळूच विचारलं.

"नाही, बाई."

"म्हणजे x ला ३ होताच येणार नाही. आणि दुसरं काही तर येत नाही." बाईंनी खोल श्वास घेतला. "मुलींनो, चूक माझी आहे! छेद उडवताना आपण एक अट घालतो, की छेद शून्य नाही. पुढे सरळरूप द्यायच्या घाईत ती अट विसरतो. तुमच्यासारखीच मीही विसरले. अठ्ठावीस जणींचं ३ आलं, एकीचं नाही आलं, आणि मी ताळा करायचं सोडून डोकी मोजली!"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. इतकी वर्षं शिकवणाऱ्या बाई, भर वर्गात, स्वतःहून!

बाई खिडकीजवळ गेल्या. "तू मला सांगितलं का नाहीस गं?"

खोडरबर उभी राहिली. "सगळ्यांचं ३ आलं होतं ना बाई. वाटलं, माझंच चुकलं असेल. मग घरी परत केलं, चारदा. तरी उत्तर नाहीच आलं." तिने वही उघडून दाखवली. खोडून खोडून पानाला भोक पडलं होतं, आणि त्या भोकाखाली पुन्हा तेच लिहिलं होतं, 'याला उत्तर नाही.'

बाई म्हणाल्या, "उद्या पेपर आणा. ३ लिहिणारींचे तीन गुण जातील, हिचे तीन वाढतील. जिला सगळ्यांत जास्त, तिचं नाव स्पर्धेला. दोघींना सारखे पडले तर आधी गेलेलं नाव राहील. पेपर तुमच्या हातात आहेत, मी जबरदस्ती करणार नाही."

शाळा सुटताच मैत्रिणींनी भोंग्याला घेरलं. "पेपर हरवला म्हण! तिला चाळीस, तुला चाळीस, आणि नाव तर तुझं आधीच गेलंय."

"हो ना," भोंगा म्हणाली. तिला ते पटलंही!

तेवढ्यात मागून कुणीतरी धावत आलं. खोडरबर! धापा टाकत म्हणाली, "थँक्यू हं. तू माझ्यासाठी विचारलंस. मला जन्मात विचारता आलं नसतं."

माझ्यासाठी! त्या प्रश्नामागे फक्त एक पैज होती, हे हिला कसं सांगायचं?

भोंगा तडक बाबांच्या दुकानात गेली. बाबांचं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान. कामावरून सुटलेली आईही तिथेच पिशवी घेऊन बसली होती. आणि काउंटरच्या वर, सगळ्या गिऱ्हाइकांना दिसेल असा लटकत होता चकचकीत लॅमिनेट केलेला पेपर. चाळीसपैकी चाळीस!

"बाबा, लॅमिनेशन निघतं का?"

"आपल्या मशीनचं? जन्मात नाही!" बाबा अभिमानाने म्हणाले. "का गं?"

भोंग्याने सगळं सांगितलं, पैजेसकट.

"पण चूक बाईंची ना?" बाबा कळवळले. "तू कशाला गुण सोडतेस? अर्ध्या बाजाराला दाखवलाय मी तो पेपर!"

आई औषधांच्या कारखान्यात बाटल्या तपासायची. ती म्हणाली, "अहो, एका बाटलीत कचरा दिसला की आम्ही अख्खं खोकं उघडतो. लेबल कितीही सुंदर असू दे."

मंडळी, आपणही असंच करतो, नाही का? दहा जण एक बोलले की ते खरं, आणि वेगळं बोलणारा एकटा वेडा! पण खरेपणा डोकी मोजून ठरत नाही, ताळा करून ठरतो. चुकलं तर 'माझं चुकलं' म्हणणारी माणसं खरी मोठी, मग ती फळ्यापुढे उभी असोत की बाकावर बसलेली.

भोंगा स्टुलावर चढली आणि पेपर काढून खाली उतरली.

"आई, बाबा, ऐका. हा पेपर मी उद्या शाळेत नेणार. प्लास्टिकवर बाईंचं पेन चालणार नाही, म्हणून दुकानातला लाल मार्करही नेणार. पैजेचं खरं काय ते तिला मीच सांगणार, आणि यापुढे तिला तिच्या नावानेच हाक मारणार. स्पर्धेला तीच जाईल. आणि ती जिंकली की सगळ्यांत मोठ्याने ओरडायला मी जाणार आहे. भोंगा काय उगाच म्हणतात मला?"