कठड्यावरची जर्सी

फुटबॉलच्या मैदानात आमच्या स्टँडची एक रीत आहे. कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, की त्याची जर्सी पुढच्या कठड्याला बांधायची. म्हणजे तो मॅचला आला असं धरायचं.

माझा भाऊ दाद्या परदेशात तुरुंगात आहे. तिकडे बांधकामावर गेला, कामगारांना कसं कोंबलंय त्याचा व्हिडिओ टाकला, उचलला त्याला. आणि आता त्याच देशाच्या सरकारनं आमचा क्लब विकत घेतलाय!

शाळा सोडल्यापासून मी मामाच्या दुकानात जर्स्यांवर नावं छापते. मामा म्हणजे स्टँडचा म्होरक्या, ढोल त्याच्याच गळ्यात.

आई त्याला म्हणाली, "भाऊ, पोराची जर्सी बांध की. त्यांचा मंत्री येतोय मॅचला. बघेल तरी."

"ताई, खेळात राजकारण नको."

"आणि सरकारनं क्लब घेतला ती काय भातुकली?" मी म्हटलं.

"तू गप गं! कसले कसले प्लेअर आणलेत त्यांनी, बघ जरा. आणि कठडा आजारी नि मेलेल्यांसाठी असतो."

"मग तो मेल्यावर बांधशील?"

आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मामा कात्री शोधायला लागला. कात्री त्याच्या हातातच होती.

मी छापलीच. क्लबच्या नव्या जर्सीवर, छातीवर त्यांच्या देशाचं नाव आधीच होतं, पाठीवर मी 'दाद्या' लिहिलं. मॅचच्या दिवशी पाठ मंत्र्याच्या बाजूला करून कठड्याला घट्ट गाठ मारली.

मंत्री मैदानापलीकडच्या गॅलरीतून हात हलवत होता, आणि अख्खं स्टँड त्याच्या देशाचे झेंडे नाचवत होतं. काल-परवापर्यंत यांना तो देश नकाशात सापडला नसता!

गार्ड जर्सीकडे निघाला. त्याच्या आधी मामा पोचला. गाठ सोडली, जर्सीची नीट घडी घातली, काखेत मारली.

"मामा, तुझा भाचा आहे तो!"

"क्लबची सगळी छपाई आपल्याकडे आहे, बाळा. कळतंय का तुला?"

तेवढ्यात गोल झाला. सगळे उठले, मामा ओरडला, आणि माझ्याही तोंडातून "गोऽऽल" निघाला. असा संताप आला म्हणून सांगू, मंत्र्याचा नाही, मामाचा नाही, माझ्या या तोंडाचा!

मामाच्या काखेतून जर्सी खेचली, अंगात घातली आणि मैदानाला पाठ करून कठड्यावर चढून बसले.

गार्ड समोर येऊन थांबला. मी म्हटलं, "काढ आता."