नाव न मागणारा परवाना

टाळ्या वाजल्या आणि वेनिंगनं चक्क उठून मान लववली!

समारांग शहरातल्या प्रोग्रॅमरांचा मेळावा होता. भरतीचं पाणी गल्लीत शिरण्याआधी फोनवर इशारा देणारा एक प्रोग्रॅम सूत्रसंचालकानं पडद्यावर दाखवला, प्रोग्रॅम कुणाचा आणि कसा वापरायचा ते सांगणाऱ्या परवान्याच्या पानावरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "या आपल्या म्बाक, म्हणजे ताई, वेनिंग!"

प्रोग्रॅम तिचा नव्हताच मुळी, तो सुकेसीचा होता. वेनिंगचा होता फक्त सुकेसीनं त्यासाठी वापरलेला साचा, म्हणजे नवं काम सुरू करताना उचलायची तयार चौकट. तिच्यात तिनं मोठ्या हौसेनं आपल्या नावाचा परवाना घातला होता: काहीही करा, फक्त हे पान काढू नका. घोळ तिच्या तिथल्या तिथे लक्षात आला. 'माझा नाही' एवढंच तर म्हणायचं होतं. पण टाळ्या इतक्या गोड लागल्या, की त्या थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

मेळावा संपल्यावर सुकेसी तळलेलं टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, खात समोर आली. वेनिंगचे कान तापले.

"अगं, ते पान बदललं का नाहीस?"

"त्यावरच लिहिलंय ना, काढू नका म्हणून! मी आपली आज्ञाधारक." सुकेसी हसली. "आईला फोन लावून ठेवला होता, म्बाक. म्हटलं, आता माझं नाव ऐक. तर ती विचारते, ही वेनिंग कोण गं?"

"मग?"

"म्हटलं, मोठ्या बहिणीसारखी आहे. फार हुशार."

त्यापेक्षा हिनं एक थोबाडीत दिली असती तर बरं!

वेनिंग धावत सूत्रसंचालकाकडे गेली आणि खरं नाव जाहीर करायला सांगू लागली. तो वायर गुंडाळत होता. "आता कुणाला सांगू? सगळे जेवायला पांगले. फोनवरच्या आपल्या गटावर टाका."

तिनं गटावर लिहिलं, "प्रोग्रॅम सुकेसीचा आहे. मला माहीत होतं." दुसरं वाक्य दोनदा पुसलं, पण शेवटी ठेवलं. मग लॅपटॉप उघडून साच्याचा परवानाच बदलला. नवा परवाना काहीच मागत नव्हता, नावसुद्धा नाही.

"मग साच्यावर तुझं नाव कुठेच उरणार नाही की," सुकेसी म्हणाली.

"नको उरू दे. आता तुझ्याकडचं ते पान काढ आणि स्वतःचं घाल. इथेच, माझ्यासमोर."

टेबलं उचलून नेली होती. वेनिंगनं लॅपटॉप दोन्ही तळहातांवर धरला. सुकेसीनं तेलकट बोटं पुसली आणि आपल्यासाठी निवडायला तयार परवान्यांच्या यादीतला एकेक परवाना सावकाश वाचायला घेतला. हात भरून आले, तरी वेनिंग आटप म्हणाली नाही.