दहाचा डबा

शाल्मलीचा दहाचा डबा त्या दिवशीही भरलेलाच परत आला. गाजराच्या फोडी मी सकाळी जशा उभ्या लावल्या होत्या तशाच उभ्या होत्या, कडेनं फक्त जरा पांढुरक्या पडलेल्या. जेवणाचा डबा मात्र चाटूनपुसून साफ.

"शालू, हे का नाही खाल्लंस?"

"भूक नव्हती."

"मग आता ही एवढी बिस्किटं?"

"आता आहे."

आशुतोष, माझा मुलगा, सकाळी अंधारातच कामाला जातो. सून मृण्मयी इस्पितळातल्या प्रयोगशाळेत असते, तीही सातला बाहेर पडते. म्हणून नातीचे डबे भरायचं काम मी मागून घेतलं होतं. मेलबर्नच्या या घरात मला जमेल असं तेवढं एकच काम होतं. गाडी मला चालवता येत नाही, गवत कापायच्या यंत्राची भीती वाटते आणि फोनवर कुणी इथलं इंग्रजी बोलू लागलं की मी "येस, येस" म्हणून फोन ठेवून देतो.

जेवणाच्या डब्याची अडचण नव्हती. खरा छळ दहाच्या डब्याचा. दहा वाजता मुलं वर्गातच काहीतरी तोंडात टाकतात. ते फळ हवं, नाहीतर भाजी. कागदात गुंडाळलेलं चालत नाही, चमचा लागेल असं चालत नाही, गळणारं चालत नाही. शेंगदाणा तर, एखाद्या मुलाला बाधेल म्हणून, शाळेच्या फाटकातून आत जायचा नाही. म्हणजे काकडी द्यायची, पण कूट नाही, दही नाही, फोडणी नाही. राहिली नुसती काकडी. नुसती काकडी आमच्या घराण्यात कुणी आनंदानं खाल्लेली मला आठवत नाही.

मी ग्रंथालयातून मुलांच्या आहारावरची पुस्तकं आणली होती. एकात लिहिलं होतं, मुलांना रंग आवडतात. मी लाल ढोबळी मिरची चिरली. दुसऱ्यात आकारांचं महत्त्व होतं. मी काकडीच्या चांदण्या कापल्या आणि बोटही कापलं. उकडलेलं रताळं झालं, मीठ लावलेला पेरू झाला. सगळं परत. या लेखकांच्या घरी मुलं होती की नाही कोण जाणे, असं मी वैतागून म्हणायचो. मग वाटायचं, घरात मूल असून मला तरी कुठे काय कळतंय.

संध्याकाळी मृण्मयीनं पर्स ठेवता ठेवता डबा पाहिला.

"आबा, आज मिसचा फोन आला होता. दहाला ही काही खात नाही आणि बारापर्यंत नुसती पेंगते म्हणे."

"उद्या मी किसलेलं..."

"नको. तुम्ही फार घाट घालता. सोमवारपासून डबे मी भरत जाईन. आदल्या दिवशीच सफरचंद चिरून ठेवीन."

"काळं पडेल ते."

"पडू दे. तुमचं सकाळचं वाचन तरी निवांत होईल."

ती प्रेमानंच म्हणाली. म्हणून जास्त लागलं. माझ्या हातात गुरुवार आणि शुक्रवार उरले होते.

आजी-आजोबांनी वर्गात येऊन मुलांचं वाचन ऐकायचं, अशी शाळेची पद्धत आहे. त्यासाठी लागणारं सरकारी कार्ड आशुतोषनं मला गेल्या वर्षीच काढून दिलं होतं. ते खिशात घेऊन मी वर्षभर फाटकाशीच थांबत होतो. गुरुवारी आत गेलो.

"शालूचे आजोबा ना?" मिस कॅलाहन म्हणाली. ती तरुण आहे आणि तिचा आवाज शेवटच्या बाकाच्याही पलीकडे जातो. "बसा त्या छोट्या खुर्चीत. मोडली तर शाळेची आहे."

माझ्या वाट्याला हॅमिश नावाचा मुलगा आला. त्याला वाचायचं नव्हतं.

"तुमच्या कानातून केस आलेत," तो म्हणाला.

"हो. पुढचं पान."

"कापत का नाही?"

"पुढचं पान, हॅमिश."

दहा वाजले. मिस म्हणाली, "डबे काढा. लिहिणं थांबवायचं नाही हं."

सगळ्या वर्गाचे डबे उघडले. उजव्या हातातली पेन्सिल चालू, डावा हात डब्यात, तोंडही चालू. हॅमिश डाव्या हातानं छोटे टोमॅटो तोंडात नुसते फेकत होता. शालूनं डबा उघडला. डावा हात मांडीखाली सरकवला आणि त्यावर बसली. दोन अक्षरं काढली, पेन्सिल खाली ठेवली, उजव्या हातानं गाजर उचललं. तेवढ्यात मिस बाजूनं जाताना म्हणाली, "झाली का ओळ, शालू?" शालूनं गाजर ठेवलं आणि पेन्सिल उचलली. थोड्या वेळानं डब्याला झाकण लावलं.

दुपारी घरी येताना मी विचारलं, "डाव्या हातानं का नाही खाल्लंस?"

ती रस्त्यातच थांबली. "तूच म्हणालास, आबा. डावा हात ताटाला लावायचा नाही. गणपतीत म्हणालास, सगळ्यांसमोर."

म्हणालो होतो. तिनं डाव्या हातानं पुरी उचलली होती आणि पंगतीतल्या मोठ्या माणसांनी भुवया उंचावल्या होत्या.

"मग मला सांगायचंस ना."

"सांगून काय? तू मिसशी बोलायला आत येतच नाहीस."

मी तिचं दप्तर माझ्या खांद्यावर घेतलं. काही पावलं गेल्यावर म्हणालो, "आणि त्या चांदण्या?"

"मस्त होत्या. हॅमिशनं मागितल्या. पण डब्यातलं कुणाला द्यायचं नसतं."

मी चिडलो होतो, पण कुणावर ते ठरेना. खाताना मुलांना लिहायला लावणारी ही कसली शाळा? आमच्या पाटीवर शीत पडलं तर मास्तर कान धरायचे. आणि ती सगळी शिस्त उचलून सातासमुद्रापलीकडे आणली कुणी, तर मीच.

घरी आल्यावर दोघं टेबलाशी बसलो. दोघांच्या उजव्या हातात पेन्सिल, मध्ये काकडीची ताटली.

"लिही आणि खा," मी म्हणालो.

ती हलेना. "आधी तू."

मी डाव्या हातानं काकडी उचलली. सत्तर वर्षं नुसता बसून राहिलेला तो हात, त्याला तोंड सापडेना. काकडी नाकाला लागली.

"आबा, आधी तोंड तरी उघड," ती म्हणाली. तिसऱ्या खेपेला जमलं. मग तिनंही एक फोड उचलली, माझ्याकडे बघत बघत, मी ओरडतोय का ते पाहत.

"शाळेत डावा, घरी उजवा. कळलं?"

"का?"

"कळलं का, एवढंच विचारलंय."

शुक्रवारी डबा रिकामा आला. तळाशी काकडीची एक बी चिकटली होती. तो मी न धुताच ओट्यावर ठेवला, मृण्मयीला दिसावा म्हणून.

"अरे वा," ती म्हणाली. "काय घातलं होतं?"

"नुसती काकडी."

"नुसती? मग भरा बाई तुम्हीच. माझी सकाळची झोप वाचली."

मी मान डोलावली.

जेवायला बसलो. शालूला चित्र पुरं करायचं होतं. उजव्या हातात खडू धरून तिनं डाव्या हातानं वरणभाताचा घास घेतला, मग दुसरा. अर्धा भात टेबलावर सांडला. मी आमटीच्या वाटीत बघत राहिलो.

"शालू," मृण्मयी म्हणाली, "हे तुला कुणी शिकवलं?"

शालूनं चित्रावरून मान वर न काढता, भातानं माखलेलं डाव्या हाताचं बोट माझ्याकडे केलं.