डब्याची बॅटरी भरेना

आमच्या ह्यांना बिघडलेली वस्तू दिसली की आनंद होतो. उघड हसत नाहीत, पण बाह्या आपोआप वर सरकतात. आयुष्यभर लिफ्टा दुरुस्त केल्या, त्यामुळे बिघाड सापडेपर्यंत ह्यांना जेवण नको, पाणी नको, बायको तर नकोच नको. म्हणून आमच्या डब्याची बॅटरी भरेनाशी झाली आणि हे नुसतेच पडेल चेहऱ्याने बसून राहिले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

डबा म्हणजे आमचं चाकांवरचं घर. मोटारीच्या मागे जोडायचं आणि ओढत न्यायचं. एक पलंग, एक ओटा, हातभर फ्रीज, छतावर सोलरचे पत्रे. हट्ट माझाच. मी पोस्टात होते. लोकांच्या पत्रांवरची गावं वाचायची, शिक्का मारायचा, थैलीत टाकायचं. पत्रं जगभर हिंडली आणि मी खिडकीमागे बसून राहिले. रिटायर झाल्या झाल्या म्हटलं, आता ती गावं बघायची. "या वयात कसले भिकेचे डोहाळे?" चिरंजीव म्हणाले. पण बॅटरी त्यानेच आणून बसवली, भारीतली, लिथियमची.

बॅटरी हवीच होती. झोपेत माझा श्वास अडकतो. नाकावर मास्क लावून झोपायचं आणि शेजारी मशीन रात्रभर हवा देत राहतं. "मशीनशिवाय एकही रात्र काढायची नाही," असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि त्या दिवशी पहाटे ते मशीन बंद पडलं. मी घुसमटून उठले. नंतर उजाडेपर्यंत हे माझा हात धरून उशाशी बसले होते.

सकाळी चहा घेताना म्हणाले, "आज दिवसभराच्या उन्हात भरली तर ठीक. नाहीतर उद्या मागे फिरायचं आणि डबा विकायचा. तुझ्या जिवाशी खेळ नको."

इथे किंवा पुढच्या मुक्कामांवर प्लग खुपसायची सोय नव्हती, हे मलाही ठाऊक होतं. पण डबा विकायचा म्हटल्यावर मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

मग ह्यांनी मीटर काढला. ह्यांचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट तपासायची, तिचा निकाल लागल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. छतावरचे पत्रे तपासले, वीज येत होती. फ्यूज शाबूत. तारा घट्ट. वीज बॅटरीच्या दारापर्यंत पोचत होती आणि बॅटरी ती आत घेत नव्हती.

"बीएमएस अडवतंय," हे म्हणाले.

बीएमएस म्हणजे बॅटरीच्या पोटात बसलेलं सर्किट. मी त्याला सासूबाई म्हणते. बॅटरीने किती खायचं, कधी थांबायचं, सगळं त्याच ठरवणार आणि कारण विचारायची सोय नाही.

तशी सोय होती. मुलाने माझ्या मोबाईलवर त्याचं ॲप घालून दिलं होतं. पण ह्यांना ॲपचं वावडं. "पडद्यावर बोट फिरवून लिफ्ट चालू झालेली मी तरी बघितली नाही," असं म्हणून विषय संपवायचे. मीही त्यात बॅटरी किती टक्के उरली एवढंच बघायची. आता हे बाहेर तारा हुंगत बसलेत म्हटल्यावर मी इकडेतिकडे बोट लावून बघितलं, तर मागे आणखी एक पान निघालं.

"अहो, ऐकलंत का? बॅटरीला थंडी वाजतेय!"

"काय?"

"इथे लिहिलंय. तापमान दोन अंश, म्हणून चार्जिंग बंद."

मी रुमालाने मानेवरचा घाम पुसत होते. बाहेर ऊन रणरणत होतं.

"सेन्सर गेला असेल," हे म्हणाले.

असेल? हा माणूस जन्मात कधी "असेल" म्हणत नाही. आणि ह्यांचे कान लाल झाले होते.

बॅटरी पलंगाखाली, प्लायच्या पेटीत. रोज सकाळी हे तिथे "जरा बॅटरी बघतो" म्हणून दार लोटून बसायचे. मी आत गेले, तसे मागोमाग आले.

"तू कशाला? करंट लागेल."

"बारा व्होल्टला कसला आलाय करंट? तुम्हीच शिकवलंत," असं म्हणून मी झाकण उचललं.

बॅटरीला चिकटून टॉवेलची घडी खुपसलेली होती आणि सेन्सरची तार तिच्याखाली दबलेली. घडी उलगडली. आत बर्फाची निळी पिशवी, अजून दगडासारखी कडक. खाण्याच्या पेटीत ठेवायच्या आमच्या दोन पिशव्या. त्यातली एक फुटली म्हणून टाकली, असं मला सांगण्यात आलं होतं.

हे पलंगाच्या कडेवर बसले. मग डावा गुडघा हळूच लांब केला. चांगला सुजला होता.

"कधीपासून?"

"निघायच्या आधीपासून. क्लच दाबला की कळ पार मांडीपर्यंत जाते. तू झोपलीस की पिशवी फ्रीजमध्ये ठेवायचो, सकाळी तुझं लक्ष नसताना काढून इथे दडवायचो. थांबलो की दार लोटून शेकायचो."

"मला सांगायला काय तोंड शिवलं होतं?"

"सांगितलं असतं तर निघाली असतीस?"

नसते निघाले. ताबडतोब सामान उतरवलं असतं. मला रडू आलं आणि त्याच वेळी ह्या माणसाच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

"पण बॅटरीत बर्फ? इतकी वर्षं मशिनरीत घालवलीत आणि..."

"लिफ्टमध्ये कधी कुणी बर्फ ठेवत नाही गं," हे अगदी खऱ्या दुःखाने म्हणाले. मग डोळे भरून आले. "पहाटे तू तशी घुसमटून उठलीस. माझ्यामुळे."

सासूबाईंचं काही चुकलं नव्हतं. गारठ्यात चार्ज केली तर बॅटरी कायमची खराब होते, म्हणून त्या तिला जपत होत्या. पिशवी दुपारी वितळायची, तेव्हा कुठे परवानगी मिळायची, आणि तोवर ऊन उतरलेलं. रोज थोडी थोडी तूट पडत गेली. आता टॉवेल काढल्यावर आकडा हळूहळू चढला आणि बघता बघता चार्जिंग सुरू झालं. संध्याकाळी बॅटरी काठोकाठ. रात्रभर मशीन एका लयीत चाललं.

सकाळी हे म्हणाले, "तरी विकूच. बॅटरीचं काय, झालं. पण माझ्याच्याने आता हा पाय..."

मी हात पुढे केला. "किल्ली."

मोटार मी कित्येक वर्षं चालवते. पण मागे डबा जोडला की स्टिअरिंग ह्यांचंच, असा घरचा कायदा. ह्यांनी खिसा चाचपला. मग किल्ली दिली आणि लंगडत शेजारी जाऊन बसले. मी फ्रीजमधली पिशवी आणून सरळ त्यांच्या गुडघ्यावर ठेवली.

"वळताना मोठा फेरा घे. डबा वळणावर आत घुसतो."

"बरं."

"ब्रेक आधीपासून दाब."

"बरं म्हटलं ना."

मुक्कामाच्या तळाच्या फाटकातून बाहेर पडलो. पुढे रस्ता दुभंगत होता आणि मधे पाटी होती.

"उजवीकडे घर," हे हळू आवाजात म्हणाले. "डावीकडे..."

"मला वाचता येतं," मी म्हटलं. "जन्मभर पत्तेच वाचलेत मी."

आणि मोठा फेरा घेऊन डावीकडे वळले.