एकाच गाण्याच्या एकेचाळीस तबकड्या

किसुमूत तबकड्या जमवणारी माणसं पुष्कळ. कुणी एकाच गिटारवाल्याच्या जमवतो, कुणी एकाच सालाच्या. कोंडेलेतला एक शिंपी तर फक्त लाल लेबलाच्या जमवायचा, मग आत काय का वाजेना. पण एकच गाणं एकेचाळीस वेळा जमवलेली बाई सरोवराच्या काठावर एकच होती, आणि ती म्हणजे मासळीवाली दोर्सिला आकुमु.

गाणं तिच्यावरच होतं. पन्नास वर्षांपूर्वी ओसेवे नावाचा गिटारवाला तिच्या मागे लागला होता. त्याच्याकडे गिटार होती, दोर्सिलाकडे सायकल. मासळी विकून स्वतःच्या हिमतीवर घेतलेली, काळी, मोठ्या घंटीची. ओसेवेनं ती दोन दिवसांसाठी मागून नेली आणि पाच महिने फिरवली. शेवटी दोर्सिला भर बाजारात गेली, त्याला सीटवरून खाली उतरवलं, स्वतः चढली आणि घंटी वाजवत घरी आली. लग्नाचं बोलणं तिथेच संपलं. ओसेवे तडक नैरोबीला गेला आणि तबकडी काढून परतला: "दोर्सिला, माझी सायकल चोरलीस, अंधारात पळालीस, माझे पायच नेलेस गं!"

चाल अशी झकास की म्हातारे काठ्या टाकून नाचले. बुसियापासून होमा-बेपर्यंत एक बार सुटला नाही. दोर्सिला टोपली घेऊन दिसली की पोरं तोंडानं घंटी वाजवायची. लग्नात तेच, मयतात तेच. एकदा तर पाद्रीबुवाही प्रवचनात बोलून गेले, की चोरी करू नये, मग ती सायकलची का असेना. आणि सगळी मंडळी मागे वळून तिच्याकडे बघायला लागली.

त्या रविवारी तिनं ठरवलं, गाणं बाजारातूनच उचलायचं. एकेक तबकडी.

ती कशी कशी उचलली, हे ऐकाल तर मला खोटारडा म्हणाल. सियायात एक तबकडी रांजणावर झाकण म्हणून होती. दोर्सिलानं नवा रांजण दिला, झाकण घेतलं. उगुन्यात एका कोंबडीनं ती अंड्यांखाली घेतली होती आणि उठायला तयार नव्हती. दोर्सिला एकवीस दिवस तिथे राहिली, पिल्लं निघाल्यावरच हलली. बोंडोत एका अनोळखी माणसाच्या मयताला जाऊन तिनं तीन दिवस असा टाहो फोडला की मेलेल्याची सख्खी बहीण येऊन म्हणाली, "बाई, तूच पुढे हो, आम्हाला इतकं जमत नाही." येताना मयताच्या घरची तबकडी पदरात.

मोडली मात्र तिनं एकही नाही. दमड्या मोजून किंवा मासे देऊन घेतलेली वस्तू मोडायला ती काय ओसेवे होती? खारवलेल्या मासळीच्या पेटीत एकेचाळीस तबकड्या थप्पीला लागल्या. ओसेवे वारला, गाणं विझलं. पोरांची पोरं झाली. त्यांना दोर्सिला म्हणजे ताजी न्गेगे मासळी आणि खरं माप, एवढंच ठाऊक.

तरीही तिला वाटे, एक राहिलीय कुठेतरी.

म्हणून ती झाब्लोन ओगालोंच्या अंगणात दर शनिवारी दुपारी तळलेली मासळी घेऊन बसायची. झाब्लोन म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले म्हातारे. त्यांच्याकडे मोटारीच्या बॅटरीवर चालणारा फोनो होता आणि भोवती बारा-पंधरा शौकीन. प्रत्येकानं सांगायचं, "या आठवड्यात माझ्या सुईखाली काय," आणि ती तबकडी सगळ्यांना ऐकवायची. भारी तबकडी आणून मिरवायला बंदी. खरंच जी घरी वाजत होती तीच. मध्येच कुणाला उबळ आली की त्यानं हात वर करायचा. सुई उचलली जायची. मग उभं राहून स्वतःच स्वतःचा पोवाडा गायचा, आज्या-पणज्यासकट, जमलं तर एखाद्या मित्राचाही. थाळीत काहीतरी टाकायचं आणि गाणं पुढे. याला आम्ही लुओ लोक पाक्रुओक म्हणतो. पण हात वर करायचा हक्क ज्यानं त्या दिवशी आपली तबकडी ऐकवलीय त्यालाच. दोर्सिलानं अकरा वर्षांत एकही ऐकवली नव्हती.

एका शनिवारी न्यांग्वेसोची पाळी आली. न्यांग्वेसो म्हणजे ओसेवेचा चुलतभाऊ, जन्मभर बसचा कंडक्टर, त्यामुळे कानात बोलला तरी फाटकापर्यंत ऐकू जायचं.

"माझ्या सुईखाली," तो म्हणाला आणि दोर्सिलाकडे बघून दात काढले, "वहिनी आहेत!"

खोक्यातून त्यानं सायकलच्या गाण्याची तबकडी काढली. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, पण अकरा वर्षं कुणी तोंड उघडलं नव्हतं.

"ओमेरा, भावा, राहू दे ना," झाब्लोन म्हणाले. "दुसरी लाव."

"का राहू दे? तुमचाच नियम. पाच दिवस हीच वाजतेय घरी." तो दोर्सिलाकडे वळला. "वहिनी, किती जमवल्यात म्हणे? चाळीस?"

"एकेचाळीस. आणि वहिनी तुझ्या खऱ्या भावजयीला म्हण."

"बघा! आमच्या ओसेवेची ही तबकडी कधीकाळी भेळीसारखी विकली जायची. वहिनींनी सगळी उचलली आणि आता काठावर ही एकच फिरती. नैरोबीचे लोक मला फोन करतात, फोन! मला श्रीमंत कुणी केलं? वहिनींनी."

हे मात्र दोर्सिलाला मासळीच्या काट्यासारखं लागलं. एवढी वर्षं ती गाणं पुसत होती आणि पुसता पुसता तिनंच त्याला सोन्याचं करून ठेवलं होतं.

"दे मला," ती म्हणाली. "वर्षभराची मासळी घरपोच."

"छे. पुढच्या रविवारी रेडिओवर जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात मी पाहुणा आहे. तेव्हा ही वाजणार. ओसेवेचं नाव पुन्हा निघू दे. तुमचंही निघेल की!"

त्या आठवड्यात दोर्सिलाचा हात तराजूवर चालेना. बाजारात समोर बसणाऱ्या पोरी, ज्यांना तिनं धंदा शिकवला, ज्या तिच्या शब्दावर मालाचा भाव ठरवायच्या, त्या रविवारी रेडिओ ऐकणार. सोमवारी त्यांच्या तोंडून घंटी वाजणार. बहात्तराव्या वर्षी पुन्हा चोर.

शुक्रवारी तिनं पेटी उघडली. तबकड्यांना मासळीचा असा वास की मांजरं गल्लीच्या टोकापासून चालत आली. तिनं सगळ्या टोपलीत भरल्या, टोपली डोक्यावर घेतली, आणि शनिवारी पहिली येऊन बसली.

"आज माझ्या सुईखाली काहीतरी आहे," ती म्हणाली. झाब्लोननी चष्मा पुसला. नियम नियम होता. त्यांनी सुई टेकवली.

गिटार उसळली. आणि ओसेवे गायला लागला, तोच मधाळ आवाज: "दोर्सिला, माझी सायकल..."

दोर्सिलाचा हात वर गेला.

"अहो, पण हिला हक्क..." न्यांग्वेसो ओरडला.

"तबकडी कुणाची वाजतेय?" झाब्लोन म्हणाले आणि सुई उचलली.

दोर्सिला उभी राहिली. "मी दोर्सिला आकुमु, आलेगो मुलखाची लेक. माझी घंटी ऐकून पाणघोडे वाट सोडतात. माझ्या सायकलच्या साखळीचं तेल माझ्या नखांतून अजून गेलेलं नाही. ज्याला 'माझी' म्हणायचंय त्यानं आपली नखं दाखवावीत!" आणि तिनं थाळीत तळलेला मासा आपटला.

अंगण हसलं. सुई पुन्हा टेकली. "...अंधारात पळालीस..." हात वर.

"भर दुपारी! किबुयेच्या बाजारात! सूर्य डोक्यावर होता आणि मी त्याला म्हटलं, बघ रे, नंतर नाही म्हणू नकोस!" दुसरा मासा.

तीन मिनिटांचं गाणं. जेवणवेळेला सुरू झालं आणि सावल्या लांबल्या तरी निम्मं उरलं होतं. "मी रडलो, रडलो," असं ओसेवे म्हणाला तेव्हाही तिनं हात वर केला. सगळे पुढच्या टोल्याची वाट बघायला लागले.

"रडला खरा," ती म्हणाली. "मी पाहिला. मी ओसेवेचंही नाव घेते. त्याच्या बोटांसारखी बोटं या काठावर पुन्हा झाली नाहीत. गाढव होता. पण वाजवायचा." आणि थाळीत सगळ्यात मोठा मासा ठेवला, आपटला नाही.

मग तिनं टोपली पुढे ओढली आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक तबकडी टाकत गेली. "घ्या. घरी वाजवा. सायकल आली की सुई उचलायची आणि मी काय म्हणाले ते सांगायचं. नाही सांगितलंत तर मासळी बंद."

न्यांग्वेसोनं आपलं खोकं छातीशी धरलं. घटकाभरापूर्वी त्याच्याकडची तबकडी काठावरची एकुलती एक फिरती होती. आता तशीच एक कोंडेलेच्या शिंप्याच्या मांडीवरही होती, आणि न्यांग्वेसोच्या तबकडीला तर मासळीचा वासही नव्हता.

"रेडिओवर कोण उचलेल सुई?" तो चिडून म्हणाला. "तिथे हात वर करायला तुम्ही नसाल!"

"किती वाजता जायचंय?" दोर्सिलानं विचारलं.

रविवारी रेडिओच्या फाटकावर वॉचमन होता, त्याला दोर्सिला वीस वर्षं उधारीवर ओमेना, म्हणजे चिमुकली सुकी मासळी, घालत होती. त्यानं दार उघडलं. आत निवेदिका बेव्हर्लिन, जेमतेम पंचविशीची, कानाला यंत्र लावून बसलेली. न्यांग्वेसो कोट घालून. आणि मध्ये, कुणी बोलावलेलं नसताना, टोपलीसकट दोर्सिला.

"आजी, तुम्ही कोण?"

"गाण्यातली."

बेव्हर्लिनचे डोळे मोठे झाले. तिनं दुसरा माईक पुढे सरकवला आणि तबकडी लावली. किबुयेत, कोंडेलेत, थेट होड्यांवर, गिटार उसळली. ओसेवेनं "सायकल" म्हटलं, आणि हात वर झाला. बेव्हर्लिन लुओ घरची पोर, तिला शिकवावं लागलं नाही; सुई उचलली गेली. शिंपी शपथेवर सांगतो, त्या क्षणी सरोवरातले वल्ह्यांवरचे हात थांबले.

"मी दोर्सिला आकुमु," आवाज सगळीकडे गेला, "आलेगोची लेक, घंटी वाजवत घरी गेलेली."

थाळी नव्हती, म्हणून मासा बटणांच्या मेजावर पडला. न्यांग्वेसो काहीतरी पुटपुटला. त्याचा माईक बंद होता. तो बेव्हर्लिननं बंद केला की वॉचमननं, यावर अजून वाद आहे.

अर्ध्या तासाचा कार्यक्रम. काचेपलीकडे बातम्या वाचणारा माणूस कागद हातात घेऊन घड्याळ दाखवू लागला.

"आजी, बातम्यांची वेळ झाली," बेव्हर्लिन हळूच म्हणाली.

"पन्नास वर्षं मीच बातमी होते, बाळा, मला कुणी काही विचारलं नाही. त्याला सांग, बस खाली." दोर्सिलानं टोपलीतून आणखी एक मासा काढला. "आता दुसरी बाजू लाव."