प्रभावळीतली सीडी

इकडे बघा, गणपतीच्या मुकुटामागे. ते गोल, चकचकीत, मधोमध भोक असलेलं दिसतंय ना, ती मी. मी एक सीडी बोलतेय. रोह्याला माधवरावांच्या घरी दीड दिवसाचा गणपती येतो, आणि त्याच्या प्रभावळीत बसायचं माझं हे दुसरं वर्ष. दर्शनाला येणारे आधी देवाला नमस्कार करतात, मग माझ्यात बघून हळूच केस सारखे करतात. माझी काही तक्रार नाही. मला माणसं बघायला फार आवडतं. ती अशी का वागतात, हे कोडं मला जन्मापासून पडलेलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबलं, त्यावर चंदेरी पातळ थर दिला, पाठीवर नाव छापलं, झालं बाळंतपण. माझ्या सगळ्या बहिणी हुबेहूब माझ्यासारख्या. आम्हाला एका संगणकाच्या मासिकाच्या वेष्टनात घालून गावोगाव धाडलं. मासिकासोबत फुकट.

पोटात काय होतं ते सांगते. लिनक्स नावाची, संगणक चालवणारी प्रणाली होती. ती कुणा एका कंपनीची नव्हती. जगभरातल्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी आपापल्या घरी बसून ती लिहिली होती आणि आतली सगळी मांडणी उघडी ठेवली होती. वाचा, हवी तशी बदला, दुसऱ्याला द्या. मला वाटलं, असं म्हटल्यावर लोक उड्या मारून घेतील. कसलं काय! बहुतेकांनी मासिक ठेवलं आणि माझ्या बहिणींवर चहाचे कप ठेवले.

माझं नशीब बरं. मी हेमांगीच्या हाती लागले. माधवरावांची ही मुलगी. घराच्या पुढच्या खोलीत तिचा संगणकाचा क्लास होता. यंत्रं जुनी, मुंबईहून आणलेली. एकातल्या प्रणालीचे पैसे भरलेले होते, बाकीच्या यंत्रांसाठी वेगळे भरायला हवे होते. आजूबाजूचे क्लासवाले सर्रास चोरून घालायचे. हेमांगीला ते पटत नव्हतं आणि माधवरावांना तर मुळीच नाही. आयुष्यभर हेडमास्तर होते ते. म्हणून तिने मासिकातून मला काढलं, यंत्रात घातलं आणि किती तरी दिवस खटपट करून एक यंत्र माझ्यावर चालतं केलं. पडद्यावर पहिली अक्षरं उमटली तेव्हा ती खुर्चीतच गर्रकन फिरली. तसं कुणाला माझ्यामुळे आनंदलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

माधवराव मात्र दारातून माझ्याकडे संशयाने बघायचे.

"फुकट कोण देतं गं? काही तरी गोम असणार."

"गोम नाही बाबा. लोकांनी केलंय आणि दिलंय."

"त्यांना त्यातून काय मिळतं?"

हेमांगी सांगायची, पण त्यांचं समाधान होत नसे. शिवाय त्यांच्या मनात दुसरंच होतं. पोरीने हा खेळ बंद करून बँकेच्या परीक्षेला बसावं. शेवटी बापलेकीत ठरलं, येत्या गणपतीपर्यंत क्लासला काही ठोस काम मिळालं तर चालू, नाही तर दार बंद आणि बँकेची पुस्तकं उघडायची.

आणि काम आलं! पेणच्या एका शाळेला कुणी तरी संगणक देणगी दिले होते. पण ते अगदी रिकामे, आत काहीच नाही, आणि प्रणाली विकत घ्यायची शाळेची ऐपत नाही. हेमांगीने सांगितलं, मी चालू करून देते, पुढे शिकवायलाही येते. शाळेच्या बाईंनी अट घातली, गणपतीच्या सुट्टीतच झालं पाहिजे, शाळा उघडेल तेव्हा मुलांना यंत्रं चालू दिसली पाहिजेत. नाही तर ते दुसरीकडे बघणार होते. म्हणजे क्लास राहणार की जाणार, ते सगळं माझ्यावर आलं. हेमांगीच्या यंत्रात माझा चालण्यापुरता भाग मावला होता. दुसऱ्या यंत्रांत घालायची सगळी शिदोरी माझ्याच पोटात होती. माझी प्रत काढणारं यंत्र तेव्हा रोह्यातही नव्हतं आणि पेणलाही नव्हतं. मासिकाचा तो अंक तर कधीच रद्दीत गेला होता.

हेमांगीचा सगळ्यात हुशार विद्यार्थी म्हणजे प्रणित. कॉलेजात शिकायचा आणि जोह्याहून पेणला येऊन रोह्याची गाडी पकडायचा. जोह्याला त्यांचा गणपतीचा कारखाना आहे. माधवरावांच्या घरचा गणपतीही कैक वर्षं तिथलाच. हेमांगीने मला त्याच्या हाती दिलं. तू पेणच्या जवळ राहतोस, विसर्जन झालं की मी सरळ शाळेत येते, तू तिथे घेऊन ये.

जोह्याला गेले आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं. जिकडे तिकडे साच्यातून निघालेले गणपती! चतुर्थी तोंडावर आलेली, ओल्या रंगाचा वास, दारात टेम्पो, कुणाला जेवायची शुद्ध नाही. प्रणितची आई सगुणा मूर्तींना खडे लावत बसली होती. प्रणितने मला खोक्यातून काढून तिच्यासमोर उजेडात धरलं. मी अशी काही चमकले म्हणता!

"आये, बघ. हिच्यात पुस्तकांची कपाटंच्या कपाटं मावतात."

"येवढ्याशात? काय सांगतोस!"

इतक्यात बाहेरून त्याच्या वडिलांची, काळुरामची हाक आली. नागोठण्याच्या मूर्ती टेम्पोत चढवायच्या होत्या. प्रणितने मला तिच्या हातात दिलं.

"हेमांगीताईंची हाय. नीट जपून ठेव, लय किमती हाय."

आणि तो टेम्पोत बसून गेलासुद्धा.

आता सगुणाचं काय चुकलं, सांगा. गणपतीच्या दिवसांत गिऱ्हाइकं घरचा चांदीचा मुकुट, हार, केवड्याचं पान असं काय काय कारखान्यात आणून देतात. आमच्या मूर्तीला बसवा म्हणतात. किमती वस्तू, चमकणारी, गुरुजींच्या म्हणजे माधवरावांच्या घरची आणि त्यांचा गणपती उद्या जायचा. तिला विचारायचं काही उरलंच नाही. तिने मला कापसाने पुसलं आणि मूर्तीमागच्या प्रभावळीवर धरून पाहिलं.

काळुरामने गोंदाचा डबा पुढे केला. माझा जीव पाठीच्या छापाखालीच असतो. तिथे गोंद लागला आणि ओढून काढायची वेळ आली, की सगळं अक्षरधन सालपटासारखं निघून येतं.

"गोंद कशाला?" सगुणा म्हणाली. "देवानं मधी भोक दिलाय ना हिला. तार ओवते."

त्या भोकाची मला लहानपणापासून लाज वाटायची. त्या दिवसापासून नाही वाटत. बारीक तार ओवून तिने मला प्रभावळीला घट्ट बांधलं, मधोमध कुंकवाचं बोट लावलं आणि लांब जाऊन डोळे भरून पाहिलं. "माज्या पोराला शिकवती गुरुजींची पोर. त्यांचा बाप्पा झळकाया नको?" असं पुटपुटली. एवढ्या प्रेमाने मला तोवर कुणी हाताळलं नव्हतं. ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, मला पेणला जायचंय! पण सीडीला बोलायला यंत्र लागतं.

दुसऱ्या दिवशी माधवराव स्वतः आले. मूर्तीच्या तोंडावर रुमाल, आम्ही सगळे टेम्पोतून रोह्याला. चतुर्थीच्या सकाळी पूजा झाली, रुमाल निघाला, आणि हेमांगी माझ्याकडे बघून काय म्हणाली माहितीय? "अगं आई, या वर्षी चक्र किती छान लावलंय!" माझं नाव पाठीवर. पुढून आम्ही सगळ्या सारख्याच. मालकीण समोर उभी आणि ओळख नाही, असा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये.

आरती संपते न संपते तोच प्रणित धापा टाकत दारात. नागोठण्याला मूर्ती घरोघर पोचवून तो त्याच पहाटे परतला होता. आल्या आल्या आईला विचारलं, आणि तिने कौतुकाने सगळं सांगितलं होतं. त्याचा चेहरा बघून हेमांगीने हातातलं तबक खाली ठेवलं.

"ताई, ती सीडी..." त्याने नुसतं बोट दाखवलं.

हेमांगीने वळून पाहिलं आणि हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" माधवराव गरजले. "प्राणप्रतिष्ठा झालीय. देवाला घातलेलं देवाचं."

"बाबा, तिच्याशिवाय शाळेचं काम होणार नाही. माझा क्लास जाईल."

"मग देवाच्या मनात तेच असेल."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. मनासारखं झालं की माणसं ते देवावर ढकलतात, हे मी तेव्हा पाहिलं. पण नंतर घरात कुणी नसताना ते एकटेच मखरासमोर उभे राहिले आणि माझ्यात स्वतःकडे बराच वेळ बघत राहिले, तेव्हा त्यांचा चेहरा काही जिंकलेल्या माणसाचा नव्हता. हेमांगी दिवसभर मोदक वळत राहिली. प्रणित गावी गेलाच नाही. ओसरीवर अपराध्यासारखा बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरपूजा झाली. माधवरावांनी मूर्ती जागची जराशी हलवली. आता तिच्यातलं देवपण गेलं असं मानतात. कुंडलिका नदीवर न्यायची तयारी सुरू झाली. दूर्वा, जास्वंद, हार एका टोपलीत गोळा झाले. ते निर्माल्य, नदीत जायचं. माधवराव माझ्याकडे बघत घुटमळले.

तेव्हा आनंदीबाई बोलल्या. माधवरावांच्या पत्नी. दोन दिवस त्या बापलेकीच्या मध्ये पडल्या नव्हत्या.

"देवापुढची फुलं नदीत जातात," त्या म्हणाल्या, "पण मोदक काय आपण नदीत सोडतो? ते वाटतो. ही फूल आहे की मोदक, एवढं ठरवा आणि मग काय ते करा."

माधवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हेमांगीला विचारलं, "ही वाटता येते?"

"येते बाबा. हवी तितक्यांना. फक्त ज्याला दिली त्याने पुढे कुणाला दिली तर अडवायचं नाही."

"आणि वाटून संपत नाही?"

"नाही."

"आणि ज्यांनी केली त्यांना काय मिळतं, ते तू सांगितलंस पण मला कळलं नव्हतं."

"कुणी त्यात भर घातली, चूक सुधारली, तर ते त्यांच्यापर्यंतही जातं. आणि बाबा, काहींना नुसतं द्यायलाच आवडत असेल. सगुणाबाईंनी हे चक्र लावलं, त्यांना काय मिळालं?"

माधवरावांनी स्वतःच्या हाताने तार सोडवली. एक ओरखडा येऊ दिला नाही. मला त्यांनी निर्माल्याच्या टोपलीवरून पलीकडे नेलं आणि खिरापतीच्या ताटात, मोदकांशेजारी ठेवलं.

"प्रणित, ये," ते म्हणाले. "आधी प्रसाद घे."

दुसऱ्या दिवशी पेणच्या शाळेत माझी परीक्षा होती. अंगावर गुलाल, भोकाभोवती कुंकू, अबिराची भुकटी. हेमांगीने ओढणीच्या टोकाने मला आतून बाहेर असं हळुवार पुसलं. पहिल्या यंत्राने मला घेतलं, फिरवलं आणि बाहेर टाकलं. दोघांचे चेहरे पडले. पुन्हा पुसलं, फुंकर मारली, पुन्हा आत. मी जीव खाऊन फिरले. सगुणाची, मोदकांची आणि तार सोडवणाऱ्या त्या बोटांची शपथ घेऊन फिरले. आणि पडद्यावर एकेक ओळ सरकू लागली. प्रणितने तिथल्या तिथे बाकावर डोकं टेकलं. हेमांगी हसत होती आणि डोळे पुसत होती. शाळा उघडली तेव्हा यंत्रं चालू होती. बँकेची पुस्तकं कुणाला दिली, ते मला माहीत नाही.

त्याला वर्ष झालं. एवढ्या यंत्रांत जाऊन जाऊन माझं अंग ओरखड्यांनी भरलंय. मध्यंतरी हेमांगीच्या यंत्रानेही मला ओळखलं नाही. पण वाईट वाटत नाही. त्याआधीच मुंबईहून माझ्या प्रती काढून आणल्यात तिने. सगुणाने निरोप धाडला होता, "गुरुजींचं चक्र घेऊन या गो, यंदाबी बांधते." म्हणून मी पुन्हा इथे आले.

काल नागोठण्याच्या एक शिक्षिका दर्शनाला आल्या, नम्रता नावाच्या. भीत भीतच विचारत होत्या, त्यांच्या शाळेलाही ती सीडी मिळेल का, किती पैसे होतील. हेमांगी आत होती. माधवराव उठले. कपाटातून माझी कोरी करकरीत प्रत काढली. नम्रताबाईंच्या उजव्या हातात खिरापत होती, म्हणून त्यांनी डावा हात पुढे केला.

"अं हं," माधवराव म्हणाले. "आधी ते तोंडात टाका, हात पुसा. उजव्या हातानेच घ्यायची ही."

आज संध्याकाळी मूर्ती हलेल. माझ्यात आता वाटण्यासारखं काही उरलेलं नाही, मला नदीत सोडलं तरी चालेल. पण तुमच्यापैकी कुणाकडे माझी एखादी बहीण चहाच्या कपाखाली पडली असेल, तर कप उचला. तिला एकदा पुसा आणि कुणाच्या तरी उजव्या हातावर ठेवा.